पुढच्या मोसमात कोण खेळणार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले काही डच शब्द तसेच ठेवले आहेत.)



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आधी नाट्यगीत झालं, नंतर महाप्रसाद आहे. म्हणजे पहिल्या विकेटची मोठी भागीदारी झालेली आणि पुढचा फलंदाज पॅड बांधून तयार, अशा वेळी मधे पाठवलेला मी नाइट-वॉचमन! टिकून राहायचं, फटके मारायचे नाहीत, एवढीच अपेक्षा. पण आज मी थोडे फटके मारणार आहे, त्यातले काही स्वतःलाच.

विषय आहे आपल्या क्रिकेट संघाचा पुढचा मोसम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपला संघ म्हणजे काही मंडळाचा संघ नव्हे. एका जुन्या डच क्लबाचा तो सगळ्यांत खालचा संघ. एकोणीस वर्षांपूर्वी आपल्यातल्या पाच-सहा जणांनी तिथे जाऊन 'आम्हाला खेळायचंय' असं सांगितलं आणि क्लबाने एक किल्ली, एक जुनं किट आणि मैदानाचा लांबचा कोपरा दिला. तेव्हापासून एप्रिलच्या शेवटी थंडीत कुडकुडत आपण सुरुवात करतो आणि सप्टेंबरात पावसात भिजत संपवतो. मधे कधीतरी ऊन पडतं, त्याला इथे उन्हाळा म्हणतात.

तर आधी वाईट बातमी. गेल्या मोसमात यादीत सतरा नावं होती. त्यातली सात आता नाहीत.

पहिला आपला कोथरूडचा सलामीवीर. बर्लिनला नोकरी लागली. दुसरा डोंबिवलीकर. वडिलांचं ऑपरेशन झालं, आई एकटी, तो कायमचा परत गेला. तिसरा लातूरचा, आपला सर्वांत वेगवान गोलंदाज. त्याचा करार संपला आणि पुढे वाढला नाही. जूनच्या एका रविवारी त्याने चार बळी घेतले आणि मॅच संपल्यावर बूट पुसता पुसता सांगितलं, 'दादा, पुढच्या आठवड्यात मी नाही.' मला वाटलं सुट्टीवर चाललाय. चौथा आपला यष्टिरक्षक. त्याला जुळं झालंय, तो आता रात्रंदिवस यष्टींमागेच उभा असतो. पाचव्याचा गुडघा गेला. सहावा आपला ऑफस्पिनर, तो दुसऱ्या क्लबाच्या वरच्या संघात गेला. त्याच्यावर मी दोन आठवडे रागावलो होतो. नंतर लक्षात आलं, की ज्याला चांगलं खेळता येतं त्याने वर जावं, यात रागावण्यासारखं काय आहे? सातवं नाव शेवटी सांगतो.

सतरातून सात गेले, राहिले दहा. क्रिकेटला अकरा लागतात. हे गणित मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मग एक शोध.' मंडळी, एक शोधून भागत नाही. सुट्ट्या, पाहुणे, मुंज, डेडलाइन आणि पाठदुखी धरली तर अकरा उतरवायला पंधरा-सोळा नावं लागतात. यंदा ऑगस्टमध्ये एका मॅचला आपण आठ जण होतो. आठांनी पन्नास यार्डांचं मैदान राखायचं म्हणजे दोन कॉन्स्टेबलांनी शिवाजी पार्कचा मेळावा सांभाळायचा! त्यानंतरची एक मॅच तर आपण न खेळताच सोडून दिली. प्रतिस्पर्धी संघ दीड तास गाडी चालवून येणार होता. त्यांच्या कप्तानाला सकाळी साडेसातला फोन करताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी शून्यावर बाद होताना कधी वाटली नाही. आणि शून्याचा मला भरपूर अनुभव आहे.

पण माणसं जातात म्हणून संघ संपतो का? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाकडे बघा.

इथे क्रिकेट म्हटलं की ऑफिसातले डच लोक 'ते क्रोकेट का?' असं विचारतात. पण हा खेळ इथे आपल्याआधी कितीतरी वर्षं आहे. डेव्हेंटरचा यूटिले डुल्सी हा क्लब १८७५ चा, हेगचा एचसीसी १८७८ चा. क्रिकेटची राष्ट्रीय संघटना १८८३ ची. फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेला रॉटरडॅमचा स्पार्टा क्लब १८८८ साली सुरू झाला तो क्रिकेट क्लब म्हणून! २९ ऑगस्ट १९६४ रोजी याच देशाने हेगमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गडी राखून हरवलं होतं. बायकांचा संघ १९८८, १९९३, १९९७ आणि २००० असे चार एकदिवसीय विश्वचषक खेळला, आणि २००७ मध्ये रॉटरडॅमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एक कसोटीसुद्धा. पुरुषांच्या संघाला आजवर कसोटी मिळालेली नाही.

आणि आपल्या ॲम्स्टेलफेनचं व्हीआरएचं मैदान! ॲम्स्टरडॅमसे बॉसमध्ये आपण कुटुंबासकट सायकली घेऊन जातो, तिथलंच. १९९९ च्या विश्वचषकाची दक्षिण आफ्रिका-केनिया ही मॅच तिथे झाली. २००४ च्या ऑगस्टमध्ये भारत, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया तिथे आले होते. इथल्या जुन्या मंडळींपैकी अनेक जण डबे घेऊन गेले, आणि मॅचपेक्षा छत्र्याच जास्त पाहून आले. एकदिवसीय क्रिकेटमधल्या सर्वोच्च धावसंख्येचा विक्रमही त्या मैदानावर दोनदा झाला. २००६ मध्ये श्रीलंकेने ९ बाद ४४३ केल्या, २०२२ मध्ये इंग्लंडने ४ बाद ४९८. दोन्ही वेळा मार खाणारा संघ एकच, यजमान! अतिथी देवो भव हे डच लोकांनी आपल्यापेक्षा जास्त मनावर घेतलेलं दिसतं.

पण याच संघाने ५ जून २००९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडला शेवटच्या चेंडूवर हरवलं. २०११ मध्ये आपल्या नागपूरला, जामठ्याच्या मैदानावर, रायन टेन डोशाटेने इंग्लंडविरुद्ध ११९ धावा ठोकल्या आणि संघाने २९२ केल्या. इंग्लंडला जिंकायला एकोणपन्नासाव्या षटकापर्यंत झुंजावं लागलं. आपल्या संघातला नागपूरकर त्या दिवशी कॉलेजला दांडी मारून स्टेडियममध्ये होता. तो सांगतो, 'मी उगाच केशरी शर्टवाल्यांच्या बाजूने ओरडत होतो. तेव्हा काय ठाऊक, की पुढे त्यांच्याच गावात भाडं भरणार आहे!'

आता संघबदलाची गोष्ट. टेन डोशाटे २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर थांबला. (२०२४ मध्ये तो भारताचा सहायक प्रशिक्षक झाला, म्हणजे आपण त्याला पळवला!) कप्तान पीटर सीलार जून २०२२ मध्ये, इंग्लंडविरुद्धची मालिका चालू असतानाच, पाठीच्या दुखण्यामुळे निवृत्त झाला. कप्तानी यष्टिरक्षक स्कॉट एडवर्ड्सकडे आली. एक आधारस्तंभ गेला, लगोलग दुसरा गेला. लोक म्हणाले, आता काही खरं नाही. आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला ॲडलेडला या संघाने दक्षिण आफ्रिकेला तेरा धावांनी हरवलं. त्या निकालाने भारताची उपांत्य फेरी पक्की झाली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

त्याहून मोठी गोष्ट २०२३ ची. विश्वचषकाची पात्रता स्पर्धा झिम्बाब्वेमध्ये होती. जे चांगले खेळाडू इंग्लिश काउंटीत खेळून पोट भरतात, त्यातले बरेच जण येऊ शकले नाहीत. अकरमन नाही, फान डर मर्वे नाही, फान मेकरेन नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर यादीतली पाच-सहा नावं गायब! उरलेल्यांना घेऊन गेले. २६ जूनला हरारेत वेस्ट इंडीजने ३७४ केल्या. विजयवाड्यात जन्मलेला, न्यूझीलंडमध्ये वाढलेला आणि नोकरी-क्रिकेट दोन्ही करायला इथे आलेला तेजा निदामनुरू १११ करून गेला आणि सामना बरोबरीत सुटला. मग सुपर ओव्हरमध्ये लोगन फान बीकने एकट्याने ३० धावा काढल्या आणि स्वतःच बॉलिंग टाकून मॅच संपवली. दहा दिवसांनी बुलावायोत स्कॉटलंडविरुद्ध २७८ धावा ४४ षटकांत हव्या होत्या. बास डे लेडेने आधी पाच बळी घेतले, मग १२३ केल्या आणि ४२.५ षटकांत काम झालं. वेस्ट इंडीज घरी, नेदरलँड्स भारतात!

हा बास म्हणजे टिम डे लेडेचा मुलगा. २००३ च्या विश्वचषकात पार्लला सचिन आणि द्रविड दोघांनाही बाद करणारा तो टिम. बाप तीन विश्वचषक खेळला, मग मुलगा आला. संघ असा टिकतो.

आणखी एक नाव सांगतो, कारण ते या सभागृहात बसलेल्या अनेकांसाठी आहे. सायब्रांड एंगेलब्रेख्त. दक्षिण आफ्रिकेतला उत्तम खेळाडू, पण २०१६ मध्ये त्याने क्रिकेट सोडलं, शिकला, नोकरीला लागला. नोकरीनिमित्त इथे आला आणि शनिवार-रविवारी क्लबात खेळू लागला. २०२३ च्या विश्वचषकात लखनौला श्रीलंकेविरुद्ध त्याने आणि फान बीकने सातव्या विकेटसाठी १३० धावा जोडल्या. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर, तो निवृत्त झाला. म्हणजे हाही आला आणि गेला. पण मधल्या काळात 'मी काय, आज आहे उद्या नाही' असं म्हणून तो बाकावर बसून राहिला नाही.

आयसीसीचा नियमही ऐकून ठेवा. त्या देशाचं नागरिकत्व, तिथला जन्म किंवा सलग तीन वर्षांचं वास्तव्य, यातलं एक असलं की खेळता येतं. पासपोर्ट कोणत्या रंगाचा आहे हे नंतर. आर्यन दत्त हेगमध्ये जन्मला, विक्रमजीत सिंग पंजाबातून लहानपणी इथे आला. दोघांची सुरुवात इथल्या साध्या क्लबांमध्येच झाली, आपल्यासारख्याच मॅटवर.

मॅट! त्याबद्दल बोलायला हवं. इथे बऱ्याच क्लबांत गवताची खेळपट्टी नसते, मॅट असते. पुण्या-मुंबईहून नवीन आलेला फलंदाज पहिल्या मॅचला रुबाबात पुढचा पाय टाकतो आणि चेंडू मॅटवरून उसळून त्याच्या हनुवटीची चौकशी करतो. मॅटवर मागच्या पायावर खेळायला शिकावं लागतं. वर्ष जातं त्यात. आणि ही मॅट आपोआप अंथरली जात नाही. ती ताणावी लागते, कडा दाबाव्या लागतात, खाली खड्डा राहिला तर चेंडू कुठेही जातो आणि माणूस दवाखान्यात.

एकोणीस वर्षं आपली मॅट एका माणसाने सांभाळली. क्लबाचे जुने सभासद, मी त्यांना आजोबाच म्हणतो. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आपण दहाला पोचायचो, ते आठला आलेले असायचे. मॅट, यष्टी, सीमारेषेचे झेंडे, सगळं तयार. मग पेन्सिलीला टोक काढून स्कोअरबुक घेऊन बसायचे. आपलं मराठी आडनाव त्यांनी स्कोअरबुकात एकदाही चुकीचं लिहिलं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून ते स्वतः लिहून घ्यायचे. त्यांच्या डब्यात चीजचं सँडविच असायचं आणि आपल्या पोह्यांवर त्यांनी कधी टीका केली नाही. फक्त मिरची बाजूला काढून ठेवायचे, एका रांगेत!

या सप्टेंबरात शेवटच्या मॅचनंतर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, 'आता तुम्ही.' डचमध्ये दोनच शब्द. मी घरी आलो, आणि मंडळी, मला घाम फुटला. कारण एकोणीस वर्षांत ती मॅट कशी टाकायची हे आपल्यापैकी एकानेही शिकून घेतलं नव्हतं. आपण इथे खेळायला येत होतो. क्लब चालवणारे 'ते' होते. फ्रायविलिखर म्हणजे स्वयंसेवक, हा शब्द आपल्याला नागरिकत्वाच्या परीक्षेपुरता पाठ होता.

हा पहिला फटका, स्वतःला. आता दुसरा.

तारीख १२ नोव्हेंबर २०२३, रविवार. बरोबर, लक्ष्मीपूजन! बेंगळुरूला भारत विरुद्ध नेदरलँड्स. इथे सकाळी साडेनऊला मॅच सुरू. माझ्याकडे पंधरा माणसं फराळाला, सगळे निळ्या शर्टात. आणि माझी बारा वर्षांची मुलगी जिन्यावरून खाली आली ती नारिंगी शर्ट घालून. सगळे हसले. कुणीतरी चकली तिच्या हातावर ठेवत म्हणालं, 'गद्दार!' गमतीतच. भारताने ४ बाद ४१० केल्या, श्रेयसने नाबाद १२८, राहुलने १०२. एडवर्ड्सला चक्क विराटने बाद केलं, शेवटचा बळी रोहितने घेतला. घरात जल्लोष. १६० धावांनी जिंकलो. चारच दिवसांपूर्वी पुण्यात गहुंज्याला इंग्लंडनेही यांना बरोबर १६० धावांनीच हरवलं होतं. मुलगी काही बोलली नाही. संध्याकाळी पूजेची तयारी करताना म्हणाली, 'बाबा, तुम्ही सगळे "जिंकलो" म्हणालात. मी काय म्हणायचं?'

मी काहीतरी उत्तर दिलं. दोन्ही आपलेच वगैरे. ती लेगस्पिन टाकते, मंडळी. बऱ्यापैकी टाकते. २०२४ च्या उन्हाळ्यात एका रविवारी आपल्याला एक गडी कमी होता. तिने पांढरे कपडे घालून, बॅग भरून ठेवली होती. मी तिला घेतलं नाही. म्हटलं, समोर मोठी माणसं, लेदर बॉल, लागलं तर? आणि त्याऐवजी एका नुकत्याच आलेल्या तरुणाला फोन करून बोलावलं. चांगला मुलगा, पण तीन आठवड्यांत तो दुसऱ्या शहरात गेला. माझी मुलगी मात्र इथेच होती, पुढच्याच खोलीत. त्या मोसमानंतर ती दुसऱ्या क्लबाच्या मुलींच्या संघात खेळायला लागली. दर शनिवारी मी तिला गाडीने सोडतो आणि सीमारेषेबाहेर उभा राहून तिची बॉलिंग बघतो. निवड समितीला झालेली ही शिक्षा आहे.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण मी इतकी वर्षं संघ बांधत होतो तो 'नवीन कोण आलंय?' या एकाच प्रश्नावर. व्हॉट्सॲपवर निरोप टाकायचा, ॲम्स्टेलफेन किंवा हूफडॉर्पला कुणी मराठी क्रिकेटवाला उतरलाय का बघायचं, त्याला उचलायचं. तो दोन वर्षं राहतो, जातो. मग पुढचा. 'इथे कोण आहे?' हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. आपल्या संघात आज सुरिनामी घरातले दोन भाऊ आहेत, एक अफगाण वेगवान गोलंदाज आहे, एक डच शाळामास्तर आहेत. दहापैकी चार. पण आपला ग्रुप चालतो मराठीत! यंदा त्या मास्तरांनी एकदा विचारलं, 'रविवारी मॅच आहे का? तुमच्या लिपीत मला फक्त घड्याळाचं चित्र कळलं.' ते अकरा किलोमीटर सायकल मारून आले होते. मॅच रद्द झालेली होती.

असो. आता पुढच्या मोसमाचं भविष्य, जे सांगायला मला बोलावलंय.

फलंदाजी: बरी आहे. नाशिककर आणि सातारकर दोघेही मॅटवर मागच्या पायावर खेळायला शिकले आहेत. कोथरूडकराची जागा सुरिनामी भावांतला धाकटा घेईल. तो पहिल्या चेंडूपासून मारतो, त्यामुळे कधी वीस चेंडूंत पन्नास तर कधी दोन चेंडूंत शून्य.

गोलंदाजी: एका बाजूने अफगाण मुलगा, उत्तम. दुसऱ्या बाजूने कोण, हा प्रश्न आहे. लातूरकराची उणीव जाणवणार. फिरकीत मास्तरांचे उंच, संथ चेंडू आहेत. फलंदाज वाट बघून बघून कंटाळतो आणि बाद होतो.

यष्टिरक्षण: जागा रिकामी. ज्यांना रात्री अकरानंतर मुलांमागे धावण्याचा अनुभव आहे त्यांनी अर्ज करावा.

क्षेत्ररक्षण: देवाची कृपा.

कप्तान: नाशिककर. सगळ्यांनी विचारलं, हाच का? मंडळी, त्याने गेल्या वर्षी घर घेतलं. तीस वर्षांचं हिपोटेक! तो आता कुठे जात नाही. निवड समितीला याहून भक्कम निकष सापडला नाही. गंमत सोडा, पण तो तिन्ही भाषांत लोकांशी नीट बोलतो, आणि आजोबांकडे जाऊन दोन रविवार मॅटचं काम शिकूनही आलाय. मी न सांगता.

आणि सातवं नाव माझं. मी संघातून बाहेर पडतोय. छप्पन्न वर्षांच्या माणसाने पहिल्या स्लिपमध्ये उभं राहून झेल सोडण्यापेक्षा कुणासाठी तरी जागा सोडलेली बरी. पण मी जात नाहीये. आजोबांचं स्कोअरबुक आता मी घेणार. सकाळी आठला मीच येणार.

क्लबाने सांगितलंय, जानेवारी अखेरपर्यंत संघ नोंदवायचा की नाही ते कळवा. पंधरा नावं, एक स्कोअरर आणि मैदानाच्या कामाला दोन माणसं. तेवढी झाली नाहीत तर आपला कोपरा ते मुलांच्या सरावाला देतील. त्यात त्यांची काही चूक नाही. रिकामं मैदान कुणी राखून ठेवावं तरी का?

म्हणून माझ्या तीन विनंत्या.

पहिली, जे नवीन आले आहेत त्यांना. 'आम्ही दोन वर्षांसाठीच आहोत' असं म्हणून लांब राहू नका. दोन वर्षं म्हणजे दोन मोसम. या. फक्त जाताना आपली जागा भरून जा. कुणाला तरी काहीतरी शिकवून जा.

दुसरी, जे माझ्यासारखे जुने आहेत त्यांना. तुमच्या घरात जी मुलं-मुली इथे वाढली आहेत, त्यांना 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका. ती पुढच्या वर्षी दुसरीकडे असतात. स्वानुभव आहे.

तिसरी, ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांना. तुमची सर्वांत जास्त गरज आहे! मॅट ओढायला एलबीडब्ल्यू कळावं लागत नाही. बायकांनीही नावं द्यावीत, आणि नुसती चहापाण्यासाठी नव्हे. तो चहा आता पुरुष करतील. कसा होईल याची हमी नाही.

ग्रुपची भाषा आजपासून इंग्रजी, मधेमधे डच. मराठी मैदानावर भरपूर बोलू. 'अरे धाव की!' हे अफगाण मुलालाही आता कळतं.

मुलीला मी गेल्या आठवड्यात विचारलं, आपल्या संघात येशील का? तिच्या शनिवारच्या मॅचेस सांभाळून, रविवारी. तिने लगेच हो म्हटलं नाही. विचारलं, 'माझी बॉलिंग कितव्या षटकात?' मी म्हटलं, ते कप्तान ठरवेल. 'अकरावी कमी पडते म्हणून बोलावताय की लेगस्पिनर हवाय म्हणून?' मी म्हटलं, लेगस्पिनर हवाय. ती म्हणाली, 'विचार करून सांगते.'

मंडळी, निवड समिती उत्तराची वाट बघते आहे.

कागद प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे, पेन दोऱ्याने बांधलंय. आधी नाव, मग मोदक!

गणपती बाप्पा मोरया!

(ता. क. : हे शब्दांकन अंकाकडे देईपर्यंत कागदावर तेरा नावं झाली आहेत, त्यात दोन स्त्रिया आणि एक पंधरा वर्षांचा मुलगा. मॅटच्या कामासाठी दोघं जण मिळाले. दोन नावं अजून हवी आहेत, त्यातल्या एका जागेसाठी घरात बोलणी चालू आहेत. मुदत जानेवारी अखेर. सर्व वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!)